कोठार, बंदर आणि ताट

१८७६ साली दादाभाई नौरोजी यांनी ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर एक निबंध वाचला. त्यात भावनेला आवाहन थोडे आणि आकडे फार होते. प्रत्येक प्रांतात किती पिकते, त्याची किंमत काय होते आणि ती लोकसंख्येत वाटली तर माणशी किती पडते, असा तो हिशेब होता. उत्तर निघाले ते वर्षाला माणशी सुमारे २० रुपये. मग दादाभाईंनी एक साधी पण बोचरी तुलना केली. तुरुंगातल्या एका कैद्यावर वर्षाला किती खर्च होतो याचे आकडे सरकारच्याच अहवालांत छापलेले होते. ते त्यांनी या २० रुपयांच्या शेजारी मांडले. प्रांतामागून प्रांत पाहत गेले तर मोकळ्या माणसाच्या वाट्याला येणाऱ्या उत्पन्नापेक्षा कैद्याचा खर्च जास्त भरत होता.

त्याच वर्षी पावसाळ्याने दख्खनला दगा दिला. सोलापूर, विजापूर, सातारा, नगर, पुणे, बेळगाव, धारवाड या पट्ट्यात खरीप गेला आणि पाठोपाठ रब्बीचीही आशा गेली. दक्षिणेत मद्रास इलाखा आणि म्हैसूर संस्थान होरपळले. १८७६ ते १८७८ या काळात ब्रिटिश अमलाखालील मुलखात सुमारे पंचावन्न लाख माणसे मेली, असा तेव्हाचा अंदाज आहे. आणि याच काळात हिंदुस्थानातून परदेशी जाणाऱ्या गव्हाने उच्चांक गाठला. १८७७-७८ या वर्षी ६४ लाख हंड्रेडवेट, म्हणजे सव्वातीन लाख टनांच्या आसपास गहू युरोपला गेला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की संताप येतो आणि तो यावाच. पण संतापाच्या भरात एक प्रश्न मागे राहतो. हा सव्वातीन लाख टन गहू देशाच्या एकूण धान्याच्या मानाने किती होता? तो बंदरावर अडवला असता तर माणसे जगली असती का? एखादा देश किती पिकवतो, किती आणतो आणि किती पाठवतो, या तीन आकड्यांचा त्या देशातल्या माणसाच्या ताटाशी नेमका संबंध काय, हे या लेखात पाहायचे आहे.

मोजण्याची रीत

आज ही मोजणी जगभर एकाच पद्धतीने होते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना १९४५ साली स्थापन झाली. तिने देशोदेशींच्या अन्नाचा ताळेबंद मांडण्याची रीत रुळवली. वर्षभराचे उत्पादन घ्यायचे, त्यात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, साठ्यातून काढले असेल तर मिळवायचे, साठ्यात घातले असेल तर वजा करायचे. जे उरेल तो देशाचा पुरवठा. त्यातून बियाणे, जनावरांचा चारा, नासाडी काढली की माणसांच्या तोंडी जाणारे अन्न मिळते. भारत सरकारने यासाठी एक ठोकळ नियम ठरवला आहे. एकूण धान्योत्पादनातले साडेबारा टक्के बियाणे, पशुखाद्य आणि नासाडीसाठी सोडायचे आणि साडेसत्त्याऐंशी टक्के खाण्यासाठी धरायचे. त्यात निव्वळ आयात मिळवून आणि सरकारी साठ्यातला चढउतार धरून लोकसंख्येने भागले की माणशी दिवसाला किती ग्रॅम धान्य उपलब्ध आहे हे कळते. १९५१ साली हा आकडा ३९४.९ ग्रॅम होता, १९६१ साली ४६८.७ आणि १९९१ साली ५१०.१.

यातूनच दोन गुणोत्तरे निघतात. एकूण पुरवठ्याशी उत्पादनाचे प्रमाण म्हणजे स्वयंपूर्णता आणि आयातीचे प्रमाण म्हणजे परावलंबन. ही गुणोत्तरे वाचताना मात्र सावध राहावे लागते. सिंगापूर आपले नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून आणते आणि तिथे कोणी उपाशी मरत नाही. जपानची स्वयंपूर्णता उष्मांकांच्या हिशेबाने १९६५ साली ७३ टक्के होती. ती घसरत आता चाळिशीच्या खाली आली आहे. या घसरणीच्या काळातच जपान श्रीमंत झाला. उलट १८७७ चा हिंदुस्थान स्वयंपूर्ण होता, इतकेच काय, शिलकीत होता.

शिल्लक असलेला देश

हे ‘शिलकीत’ म्हणणे माझे नाही, सरकारचे आहे. दुष्काळ ओसरल्यावर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला गेला. त्याने १८८० साली अहवाल दिला. ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वसाधारण वर्षी पाच कोटी टनांहून अधिक धान्य पिकते आणि गरज भागून सुमारे पन्नास लाख टन शिल्लक राहते, असा आयोगाचा अंदाज होता. त्या काळी पिकांची मोजणी फार कच्ची होती, म्हणून ही शिल्लक तंतोतंत खरी मानण्याचे कारण नाही. पण प्रमाणाची कल्पना त्यावरून येते. परदेशी गेलेला गहू या उत्पादनाच्या एक टक्काही नव्हता. मुख्यतः ब्रह्मदेशातून जाणारा तांदूळ त्यात धरला तरी काही थोड्या टक्क्यांपलीकडे मजल जात नाही.

मग गहू थांबवला असता तर फरक पडला नसता, असे म्हणायचे का? तत्कालीन सरकारचा युक्तिवाद जवळपास असाच होता. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांचे धोरण होते की धान्याच्या खासगी व्यापारात सरकारने हात घालू नये. भाव चढले की व्यापारी आपोआप टंचाईच्या मुलखात धान्य नेतील. मद्रास सरकारने परस्पर तीस हजार टन धान्य खरेदी केले, तर त्यांना वरून खडे बोल ऐकावे लागले. आणि व्यापाऱ्यांनी धान्य नेलेही. आगगाडी सोलापूरपर्यंत १८६० सालीच पोचली होती. १८७७ मध्ये दुष्काळी जिल्ह्यांच्या स्टेशनांवर धान्याची पोती उतरत होती. ती होती, पण त्यांचा भाव असा होता की ज्याच्या अंगणात बैल नाही, हाताला काम नाही आणि गाठीला पैसा नाही, त्याने ती लांबून पाहावीत.

उत्तर इथेच आहे. पाऊस गेला की आधी शेतमजुराचे काम जाते. मग त्याच्या गावच्या सुताराचे, लोहाराचे, कोष्ट्याचे गिऱ्हाईक जाते. धान्य संपण्याच्या कितीतरी आधी मजुरी संपते. विशेष म्हणजे ज्या अहवालात पन्नास लाख टनांची शिल्लक आहे, त्याच अहवालात हेही लिहिले आहे. दुष्काळ म्हणजे आधी रोजगाराचा दुष्काळ, हे आयोगाने मान्य केले. पुढच्या दुष्काळ संहितांचा पाया त्यातूनच घातला गेला.

परदेशी जाणाऱ्या गव्हाचे काम निराळे होते. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला होता. १८७३ साली गव्हावरची निर्यात जकात उठवली गेली होती. १८४६ मध्ये धान्य कायदे रद्द केल्यापासून इंग्लंड बाहेरच्या गव्हावर अधिकाधिक विसंबत चालले होते. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तर तिथल्या गव्हाचा पाचातला चौथा हिस्सा बाहेरचा होता. १८७७ मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांचे युद्ध पेटले, काळ्या समुद्रातून येणारा रशियन गहू अडला आणि इंग्लंडमधली पिकेही त्या वर्षांत चांगली नव्हती. लंडनला भाव चढला. आता पंजाबच्या आणि वायव्य प्रांताच्या गव्हाची बोली लंडनचा भट्टीवाला लावत होता. माल थोडा गेला, पण त्याने देशातल्या उरलेल्या सगळ्या धान्याच्या भावाला खालून टेकू दिला. दख्खनचा गरीब गहू खात नव्हता, तो ज्वारी-बाजरी खाणारा. तरी एक धान्य महागले की खाणारे दुसऱ्याकडे वळतात आणि तेही महागते. टक्का लहान असला तरी भाव त्या टोकाच्या टक्क्यावर ठरतो.

याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांची गोष्ट येते. १८७३-७४ मध्ये बिहारमध्ये पिके बुडाली तेव्हा टेंपल यांनी ब्रह्मदेशातून जवळपास पाच लाख टन तांदूळ आणवला, कामे काढली आणि फारच थोडी माणसे दगावली. या यशाबद्दल त्यांना मिळाली ती उधळपट्टीची दूषणे. तीन वर्षांनी लिटन यांनी त्यांनाच दक्षिणेत पाठवले, तेव्हा ते धडा शिकून आले होते. दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी त्यांनी कापून दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी या मजुरीवर काम करायचे नाकारले आणि छावण्या सोडल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवून माहिती गोळा केली आणि दुष्काळाची वृत्ते सरकारला धाडली. सरकारच्या कागदावर धान्याची आवक, भाव आणि टनांचे आकडे होते. सभेच्या कागदात कोणत्या तालुक्यात किती माणसे कामाविना आहेत, किती घरे ओस पडली, किती गुरे विकली गेली, हे होते. दोन्ही मोजण्याच होत्या. एकीने कोठार मोजले, दुसरीने ताट.

रंगूनचा तांदूळ

विसाव्या शतकात चित्र उलटे झाले. लोकसंख्या वाढली, अन्नाचे पीक त्या वेगाने वाढले नाही आणि हिंदुस्थान धान्य पाठवणारा न राहता आणणारा झाला. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या वर्षांत ब्रह्मदेशातून वर्षाला सरासरी पंधरा लाख टनांच्या आसपास तांदूळ येत असे. देशातल्या एकूण तांदळाच्या मानाने हा वाटा पाच-सहा टक्क्यांचा. पण देशाचा पाच-सहा टक्के वाटा सगळीकडे सारखा पसरलेला नव्हता. त्रावणकोर-कोचीनसारखे मुलूख, मुंबईसारखी बंदरे आणि अपुऱ्या भाताची कोकणपट्टी यांची मदार या बोटीतून येणाऱ्या तांदळावर कितीतरी जास्त होती.

मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि तो तांदूळ बंद झाला. बंगालच्या स्वतःच्या पुरवठ्यात ब्रह्मदेशी तांदळाचा भाग लहान होता. पण ज्यांचा मोठा होता ते सगळे आता देशातल्या बाजारात तांदूळ शोधू लागले. सैन्याची खरेदी वाढली. युद्धखर्चाने महागाई पेटली. कलकत्त्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना स्वस्त धान्य मिळत राहावे याची तजवीज झाली आणि त्यासाठी खेड्यांतून धान्य ओढले गेले. जपानी येतील या भीतीने किनाऱ्यावरच्या होड्या सरकारनेच काढून घेतल्या. प्रांतांनी आपापली दारे लावून घेतली. शिल्लक असलेला प्रांत शेजाऱ्याला धान्य द्यायला तयार होईना.

१९४३ मध्ये बंगालमध्ये काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. वुडहेड आयोगाने मृत्यूंचा आकडा पंधरा लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांपर्यंत नेला. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बंगालच्या त्या वर्षाच्या धान्याचा ताळेबंद पुन्हा मांडला. आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा १९४३ चा पुरवठा सुमारे पाचच टक्क्यांनी कमी होता. १९४१ पेक्षा तर तो तेरा टक्क्यांनी जास्त होता. १९४१ मध्ये दुष्काळ पडला नाही, १९४३ मध्ये पडला. मेले ते शेतमजूर, कोळी, नावाडी, खेड्यातले कारागीर. ज्यांच्याकडे भात होते किंवा भाताच्या भावाबरोबर ज्यांची कमाई वाढत होती, ते तगले.

मुंबईने त्याच १९४३ मध्ये रेशनिंग सुरू केले. रांगा होत्या, तक्रारी होत्या, काळा बाजार होता, तांदळाऐवजी भलतेच धान्य माथी मारल्याचा राग होता. पण आयातीवर बंगालपेक्षा अधिक विसंबलेल्या या शहरात प्रत्येकाच्या नावावर एक कार्ड आणि त्या कार्डावर एक ठरलेले माप होते. कमी असलेले अन्न कोणाच्या वाट्याला किती, याचा निर्णय निव्वळ भावावर सोडला नव्हता.

बोटीकडे लागलेले डोळे

स्वातंत्र्य मिळाले आणि फाळणीत गव्हाचा पश्चिम पंजाब व तांदळाचा पूर्व बंगाल पलीकडे गेला. पहिल्याच वर्षांपासून धान्याची आयात हा नव्या सरकारच्या डोक्यावरचा कायमचा बोजा झाला. १९५४ मध्ये अमेरिकेने आपले जास्तीचे धान्य सवलतीने देण्याचा कायदा केला. तोच आपल्याकडे घरोघर माहीत झालेला पीएल ४८०. भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. सर्वांत मोठा करार मे १९६० मधला. त्यावर भारताच्या वतीने सही केली ती अन्नमंत्री स. का. पाटील यांनी. सावंतवाडीकडचे हे पाटील तेव्हा मुंबईच्या राजकारणाचे अनभिषिक्त राजे मानले जात. चार वर्षांत एक कोटी साठ लाख टन गहू आणि दहा लाख टन तांदूळ, आणि पैसे रुपयांत द्यायचे. परकीय चलनाला मोताद असलेल्या देशाला हा सौदा वरदानच वाटला. स्वस्त अमेरिकन गव्हाने देशी शेतकऱ्याच्या भावाची वाढ खुंटते, ही टीका तेव्हाही होत होती आणि तिच्यात तथ्य होते.

आता प्रमाण पाहू. १९५० च्या दशकात आयात एकूण पुरवठ्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास खेळत होती. मग १९६५ चा पावसाळा बुडाला. आदल्या वर्षी ८ कोटी ९४ लाख टन धान्य झाले होते, ते १९६५-६६ मध्ये ७ कोटी २३ लाख टनांवर आले. १९६६ साली १ कोटी ४ लाख टन धान्य आयात झाले. साडेसत्त्याऐंशी टक्क्यांचा नियम लावून हिशेब केला तर खाण्याच्या धान्यात परदेशी धान्याचा वाटा चौदा टक्के भरतो. म्हणजे शंभर घासांतले शहाऐंशी तरीही इथलेच होते.

पण ते शहाऐंशी घास होते कुठे? त्यांतले बरेचसे पिकवणाऱ्याच्या घरातच राहणारे होते. बाजारात येणारा भाग लहान आणि सरकारच्या हाती लागणारा त्याहून लहान. १९६६ मध्ये रेशन आणि स्वस्त धान्य दुकानांतून सुमारे १ कोटी ४१ लाख टन धान्य वाटले गेले. सरकारची देशातली खरेदी त्या साली चाळीस लाख टनांची होती. रेशनच्या पिशवीतला जवळजवळ पाऊण हिस्सा परदेशी होता. मुंबई-कलकत्त्याच्या कामगाराच्या दृष्टीने देशाचे परावलंबन चौदा टक्के नव्हते, पाऊणशे टक्के होते.

अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना हे पुरते ठाऊक होते. दीर्घ मुदतीचा करार न करता थोड्याथोड्या महिन्यांपुरते धान्य मंजूर करण्याचे धोरण त्यांनी अवलंबले. शेतीधोरण बदला हा त्यामागचा एक आग्रह होता आणि व्हिएतनामवरची भारताची टीका त्यांना खुपत होती, हेही खरे. दिल्लीतल्या अधिकाऱ्यांना कोणते जहाज कुठे आहे आणि कधी लागेल याची टिपणे ठेवावी लागत. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. तेव्हाच्या कितीतरी घरांनी ते मनापासून पाळले. त्याने किती टन धान्य वाचले, हा प्रश्न गौण होता. अपमान गिळण्याऐवजी एक जेवण सोडणे लोकांना सोपे वाटले.

पुढची कथा हरितक्रांतीची. सी. सुब्रमण्यम यांच्या अन्न व शेती मंत्रालयाने १९६६ मध्ये मेक्सिकोतून अठरा हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले. नगर जिल्ह्यातले अण्णासाहेब शिंदे तेव्हा त्याच मंत्रालयात होते. आदल्याच वर्षी अन्न महामंडळ उभे राहिले होते. १९६५-६६ मध्ये १ कोटी ४ लाख टन असलेला गहू १९७१-७२ मध्ये २ कोटी ६४ लाख टनांवर गेला. आयातीचा टक्का उतरला. आयातीतल्या धान्याची किंमत टनांपेक्षा अवलंबनात अधिक मोजावी लागते, हा त्या दोन वर्षांचा धडा राज्यकर्ते पुढे विसरले नाहीत.

पुन्हा सोलापूर

हरितक्रांतीचा गहू पंजाबात पिकत होता. महाराष्ट्राची ज्वारी पावसावरच होती. १९७० पासून पाऊस रुसत गेला आणि १९७२ मध्ये त्याने पाठच फिरवली. १९७२-७३ मध्ये राज्याचे धान्योत्पादन नेहमीच्या निम्म्याच्या आसपास घसरले. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, सांगली, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद. नावे वाचली तर १८७७ च्या यादीचा भास होतो. त्यातच १९७२ मध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकेकडून प्रचंड प्रमाणात गहू उचलला होता आणि जगाच्या बाजारात भाव चढलेले होते. देशातही धान्याच्या राज्याबाहेरील वाहतुकीवर निर्बंध होते.

बंगालचा पाच टक्क्यांचा खड्डा इथल्या खड्ड्यापुढे किरकोळ होता. कोष्टक पाहून भविष्य सांगायचे तर १९७३ मध्ये महाराष्ट्रात लाखो माणसे मरायला हवी होती. तसे झाले नाही. वसंतराव नाईकांच्या सरकारने कामे काढली: पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. मे १९७३ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, या कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. मजुरी थोडी होती, वेळेवर मिळत नव्हती, मोजमापात खोट असे. तरी ती हातात पडत होती. हातात पैसा आला तसे धान्य त्याच्या मागे आले, काही रेशनवर, काही बंदी चुकवून. अमेरिकेतून आलेली लाल मिलो आणि कामावर वाटलेली सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. माणसे खंगली, गुरे गेली, पोरांच्या शाळा सुटल्या. पण १८७७ चे सोलापूर आणि १९७३ चे सोलापूर यांत फरक राहिला तो कोठाराचा नव्हे, मजुरीचा. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमीला पुढे १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. काम मागण्याचा हक्क, म्हणजे धान्याच्या भावापर्यंत हात पोचण्याचा हक्क, अशी त्या कायद्यामागची समजूत होती.

कांदा आणि पामतेल

आज देशापुढचे प्रश्न धान्य आणण्याचे नाहीत, पाठवण्याचे आहेत. २०२२-२३ मध्ये भारताने सव्वादोन कोटी टनांच्या आसपास तांदूळ निर्यात केला. तो आपल्या उत्पादनाचा साधारण सहावा हिस्सा आणि जगातल्या तांदळाच्या व्यापाराचा जवळपास चाळीस टक्के भाग होता. २० जुलै २०२३ रोजी बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा अमेरिकेतल्या देशी दुकानांतून आपल्याकडची मंडळी पोत्यांवर पोती उचलू लागली आणि आफ्रिकेतल्या देशांना महाग तांदूळ शोधावा लागला. रंगूनच्या तांदळाची गोष्ट फिरून आली होती, या खेपेला रंगूनच्या जागी आपण होतो.

तेलाचे उलट आहे. १९८६ मध्ये तेलबियांची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खाद्यतेलात देश जवळपास स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ पासून पामतेलाची आयात मोकळी झाली आणि आज निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने आपल्या लोकांना तेल स्वस्त मिळावे म्हणून पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली, तेव्हा इथल्या किराणा दुकानातल्या डब्याचा भाव त्याबरोबर हलला. यंदाच्या फराळातही त्या तेलाचा वाटा असेलच.

आणि कांदा. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३ कोटी टन कांदा झाला, त्यातला २५ लाख टन परदेशी गेला. शंभरातले आठ कांदे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले, डिसेंबरमध्ये निर्यात पूर्ण बंद झाली आणि मे २०२४ मध्ये ती उठली. शंभरातल्या आठ कांद्यांची वाट अडवली, पण लासलगावच्या लिलावात भाव पडला तो शंभरही कांद्यांचा. टोकावरच्या टक्क्याचा हा जुनाच नियम आहे. फक्त १८७७ मध्ये तो भाव वर ढकलत होता, इथे खाली.

या दोन घटनांची तुलना मी तोलून करतो आहे. एकीकडे लाखो मृत्यू आहेत, दुसरीकडे बुडालेला हंगाम आणि वाढलेले कर्ज. तरी दोन्हींत एक साम्य आहे. १८७७ मध्ये व्यापाराच्या तत्त्वासाठी बंदर उघडे ठेवले आणि त्याचा भार दख्खनच्या मजुरावर पडला. २०२३ मध्ये शहरातल्या स्वयंपाकघरासाठी बंदर बंद केले आणि भार दख्खनच्याच कांदा उत्पादकावर पडला. शहरातल्या गरिबाला कांदा परवडला पाहिजे हे खरे. पण तो परवडण्याची किंमत नाशिकच्या दोन एकरवाल्याने एकट्याने का भरावी, याचे उत्तर निर्यातबंदीच्या आदेशात नसते.

दीडशे वर्षांच्या या हिशेबातून मला दिसते ते असे. बंदर उघडे असावे की बंद, हा प्रश्न आपण पहिला विचारतो, तो खरे तर दुसरा आहे. पहिला प्रश्न सार्वजनिक सभेच्या माणसांनी तालुक्यातालुक्यांत फिरून विचारला होता: कोणाच्या हाताला काम नाही, कोणाच्या गाठीला पैसा नाही. १९७३ मध्ये त्या प्रश्नाचे उत्तर खडी फोडण्याच्या मजुरीत दिले गेले, म्हणून कोष्टकातला खड्डा स्मशानापर्यंत पोचला नाही. ज्या ग्राहकाला भाव झेपत नाही त्याच्या हाती पैसा किंवा रेशन द्यावे, ज्या शेतकऱ्याचा भाव आपण पाडतो त्याला त्याची भरपाई द्यावी. हे महाग पडते, हे खरे आहे. टेंपल यांनाही बिहारनंतर हेच ऐकवले गेले होते.